एक्कावन्न मीटरचा विद्यार्थी

आकडेताईंचं घरातलं सगळ्यात मोठं शस्त्र म्हणजे त्यांचं वय. नवरा त्यांच्यापेक्षा तीन महिन्यांनी लहान, आणि सोळा वर्षांच्या संसारात त्यांनी हे तीन महिने इतके वापरले होते की आतापर्यंत झिजून जायला हवे होते. भिंतीला कुठला रंग द्यायचा, खिडकी उघडी ठेवायची की बंद, पाहुण्यांना थांबवून घ्यायचं की वाटेला लावायचं, कुठल्याही वादाचा शेवट एकाच वाक्यानं व्हायचा. "मी मोठी आहे." नवरा बस चालवायचा. दिवसभर साठ माणसं मुकाट त्याच्या मागे बसायची, आणि घरी आल्यावर तो मुकाट बायकोच्या मागे. त्याचं त्याला फारसं दुःख नव्हतं, पण हरलो असं तो एकदाही तोंडानं म्हणाला नव्हता. "बघू," म्हणायचा आणि उठून जायचा.

आकडेताई हे नाव ऑफिसातलं. जिल्हा शिक्षण कार्यालयात तीनशे शाळांमधल्या पोराटोरांची सगळी माहिती त्यांच्या हाताखालून जायची. पूर्वी शाळा कागदांचे गठ्ठे पाठवायच्या आणि ते मुख्यतः उंदीर वाचायचे. मग वर्षापूर्वी सुधारणा आली. सुधारणा म्हणजे नवी संगणक प्रणाली आणि साहेबांच्या खोलीत भिंतभर पडदा. पडद्यावर शाळांच्या सरासरी हजेरीनुसार चौदा जिल्ह्यांची क्रमवारी सतत हलत असायची. हा जिल्हा मात्र हलत नव्हता. तो चौदावा आला आणि चौदावाच राहिला. शेवटी साहेबांनी आपलं टेबल फिरवून घेतलं, म्हणजे पडदा पाठीमागे यावा आणि निदान जेवण तरी गोड लागावं.

त्या दिवशी सकाळी नऊला साहेब खोलीत आले, सवयीनं पडद्याकडे न बघता खुर्चीत बसले, आणि शिपायानं टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवताना सहज सांगितलं, "साहेब, आपण पहिले आहोत."

साहेबांनी मान वळवली. मग खुर्ची वळवली. मग शिपायाला हाताशी धरून टेबलच परत वळवलं. जिल्हा खरोखर पहिला होता, आणि तोही थोडाथोडका नाही, दुसऱ्यापेक्षा दहा टक्क्यांनी पुढे. साहेबांना आकाश ठेंगणं झालं. खिडकीतून डोकं काढून ते रस्त्यावरच्या चपला शिवणाऱ्यालाही सांगून आले. त्यानं विचारलं, "म्हणजे आता काय होणार?" "आता पहिले राहणार," म्हणून साहेबांनी डोकं आत घेतलं.

आकडेताईंनाही गुदगुल्या होत होत्या. श्रेय त्यांचंच होतं ना. काही शाळा एकच मूल दोनदा दाखवतात, पट फुगवतात, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून महिनाभर डोकं लावून त्यांनी प्रणालीला एक नियम शिकवला होता. शाळा एक, जन्माचा दिवस-महिना एक आणि पालकांचा फोन एक असेल (साल शाळा हमखास चुकवतात, म्हणून ते धरायचं नाही), तर ते मूल एकच समजायचं आणि त्या नोंदी एकत्र करायच्या. कुठली माहिती वाया जाऊ नये म्हणून नोंदीतले आकडे मिळवायचे, असंही सांगून ठेवलं होतं. काल संध्याकाळी नियम चालवला आणि दोनशे बारा नोंदी गळाल्या. त्यातली एकेक नोंद त्यांनी आधी स्वतः तपासली होती. फक्त एक शाळा सोडून. टेकडीवरची ती शाळा त्यांची स्वतःची होती, अ आ इ त्या तिथंच शिकल्या होत्या. आपल्या बाईंच्या शाळेत कसली आलीय बनवाबनवी, असं म्हणून त्यांनी ते पान पुढं ढकललं होतं.

दहा वाजता संचालक मॅडमचा फोन आला. चौदा जिल्हे त्यांच्या हाताखाली. दुपारी तीनला त्या भिंतीवरच्या पडद्यावर येणार होत्या आणि जिल्ह्यात सर्वाधिक हजेरी असलेल्या विद्यार्थ्याचं समोरासमोर कौतुक करणार होत्या. साहेबांनी फोन ठेवला आणि आरशात बघून जाकिटाची बटणं लावली.

"ताई, शोधा तो विद्यार्थी. बोलावून घ्या."

आकडेताईंनी यादी उघडली. सगळ्यात वर टेकडीवरची शाळा. विद्यार्थी एक. हजेरी तीन हजार नऊशे सत्तर टक्के. त्यांनी डोळे चोळले आणि नोंद उघडली. इयत्ता पहिली ते सातवी, सर्व. मुलगा की मुलगी या रकान्यात दोन्ही. वजन नऊशे चौऱ्याऐंशी किलो. उंची एक्कावन्न मीटर. नाव इतकं लांब की ते पडद्याच्या उजव्या कडेला जाऊन पलीकडे पडलं होतं.

पायाखालची वाळू सरकते म्हणजे काय, हे त्यांना त्या क्षणी खुर्चीत बसल्याबसल्या कळलं. त्या शाळेत प्रत्येक मुलाची जन्मतारीख एकच लिहिली जायची, शाळेच्या पहिल्या दिवसाची, साल काय ते वेगळं. जन्माचे कागद टेकडीवर कुणाकडेच नसायचे. आणि फोन सगळ्यांचा एकच, मोठ्या बाईंचा, कारण टेकडीवर फक्त त्यांच्याच ओसरीत आवाज पोचतो. एकेचाळीस पोरं नियमाच्या घाण्यात घातली गेली होती आणि पलीकडून एकच बाहेर पडलं होतं. दुसऱ्या कुणाला हे माहीत नसणं समजण्यासारखं होतं. आकडेताईंच्या नोकरीच्या कागदावर तीच तारीख होती. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

इतकंच असतं तर हसून सोडता आलं असतं. पण सुधारणेत आणखी एक कलम होतं. ज्या शाळेत दहापेक्षा कमी मुलं, ती बंद. यादी आजच, चार वाजता, प्रणाली आपली आपण वर पाठवणार होती आणि त्यानंतर वर्षभर नोंदींना कुलूप. शाळा बंद झाली की पोरांना नदीपलीकडे सात किलोमीटर. दुरुस्ती करायची तर मूल स्वतः कॅमेऱ्यासमोर हवं, आणि त्याची स्वतंत्र जन्मतारीख शाळेच्या जुन्या लेखी नोंदीसकट. कॅमेरा ऑफिसात एकच, साहेबांच्या उघड्या दारासमोर, आकडेताईंच्या टेबलावर. एका मुलाला चार मिनिटं.

उठून साहेबांना सगळं सांगावं, हे बरोबर होतं. आकडेताई उठल्याही. पण साहेब शिपायाकडून टाय बांधून घेत होते आणि गुणगुणत होते. आकडेताईंनी निम्मंच सांगितलं.

"साहेब, विद्यार्थी टेकडीवरच्या शाळेत आहे," त्या म्हणाल्या. "आणायला बस लागेल."

"एका विद्यार्थ्याला बस?"

"चांगला वाढलाय."

साहेबांनी तिथल्या तिथं सही केली. बस कुणाची आली असेल, ते सांगायला नको.

आकडेताईंनी बाईंना फोन लावला. मोठ्या बाई म्हणजे टेकडीवरची शाळा, आणि शाळा म्हणजे मोठ्या बाई. चौतीस वर्षं त्या एकट्याच सगळे वर्ग सांभाळत होत्या. आकडेताईंनी एका दमात सगळं सांगून टाकलं, चूक माझीच हेही सांगितलं.

"तू लहानपणीही असंच करायचीस," बाई म्हणाल्या. "सगळ्यांचं गणित तपासायचीस आणि आपलं तसंच द्यायचीस. बस किती वाजता येते?"

"पण बाई, खऱ्या तारखा? त्या कुठून आणायच्या?"

"त्या आहेत," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

एक वाजता कार्यालयाच्या दारात बस थांबली आणि सर्वाधिक हजेरी असलेला विद्यार्थी उतरू लागला. तो उतरतच राहिला. जिन्यावर त्याचा आवाज असा आला की खालच्या मजल्यावरच्या पाणीपुरवठा खात्यानं खिडक्या लावून घेतल्या. साहेब फुलांचा गुच्छ हातात घेऊन स्वागताला उभे होते. समोर एकेचाळीस पोरं, वेण्यांची, शेंबडी, धाकट्याला कडेवर घेतलेली, बुटांच्या नाड्या सुटलेली, आणि शेवटी मोठ्या बाई, काखेत एक जाडजूड वही घेऊन. त्यांच्या मागे किल्ली फिरवत आकडेताईंचा नवरा.

"यातला कोण?" साहेबांनी विचारलं.

"सगळे मिळून," आकडेताई म्हणाल्या. आणि मग मात्र त्यांनी काहीही हातचं न राखता सांगितलं. नियम माझा, न तपासलेलं पान माझं, शाळाही माझीच.

साहेब हळूहळू खाली बसले. गुच्छ मांडीवर ठेवला. एका पोरानं त्यातलं फूल मागितलं, ते त्यांनी देऊन टाकलं.

"म्हणजे आपण पहिले नाही."

"नाही साहेब."

साहेब मनाचे वाईट नव्हते. पण वर्षभर पाठीमागे चौदावा नंबर घेऊन जेवलेला माणूस, एका दिवसाचं सुख त्याच्याकडून लगेच सुटत नाही. ते बोटांवर हिशेब करू लागले. "तीनला मॅडम येणार. उभ्याउभ्या दोन शब्द बोलतील. धरा तीन वाजता उरकलं. चारपर्यंत एक तास. एकाला चार मिनिटं, म्हणजे पंधरा मुलं वेगळी होतात. शाळा टिकायला दहा पुरेत." त्यांचा चेहरा उजळला. "शाळाही वाचली आणि पहिला नंबर मॅडमनी बघितलाही. साप मेला, काठीही मोडली नाही. बाकीची पुढच्या वर्षी बघू."

हिशेबात चूक नव्हती. आकडेताईंना तर क्षणभर हायसंच वाटलं आणि लगेच त्याची लाज वाटली. उरलेल्या सव्वीस जणांना वर्षभर मिळून एक पुस्तक, एक बाक आणि परीक्षेचा एक पेपर मिळणार होता.

मोठ्या बाईंनी काखेतली वही टेबलावर ठेवली.

"चालेल," त्या शांतपणे म्हणाल्या. "फक्त कुठले पंधरा, ते साहेब, तुम्ही निवडा. मला चौतीस वर्षांत ते कधी जमलं नाही."

साहेबांनी पोरांकडे बघितलं. पोरांनी साहेबांकडे. पहिल्या रांगेतल्या एका चिमुरडीला वाटलं की काहीतरी मिळणार आहे, म्हणून तिनं हात वर केला. मग सगळ्यांनीच केले. एकेचाळीस हात हवेत, काही जणांचे दोन्ही.

साहेब उभे राहिले, टाय सोडला आणि शिपायाला म्हणाले, "रांग लावा. उंचीनं नको, भांडतील. जशी उभी आहेत तशी." मग आकडेताईंना म्हणाले, "एक वाजून सोळा मिनिटं झाली. आत्ता सुरू केलं तर शेवटचं पोर बरोबर चारला. शिंकायलाही वेळ नाही. करा सुरू."

पहिलंच पोर कॅमेऱ्याच्या खाली गेलं. नुसते केस दिसत होते. साहेबांनी कपाटातून जुन्या कागदांचे गठ्ठे ओढून काढले, एकावर एक रचले आणि पोराला वर चढवलं. वर्षानुवर्षं ज्या गठ्ठ्यांचा कुणाला उपयोग झाला नव्हता, त्यांचा त्या दिवशी झाला. बाई वही उघडून तारीख सांगायच्या, आकडेताई टाकायच्या, कॅमेरा लुकलुकायचा, शिपाई वहीच्या पानाचा फोटो काढायचा. आणि बाजूच्या पडद्यावर एक्कावन्न मीटरचा तो विद्यार्थी मीटर-सव्वा मीटरनं खाली बसायचा. पोरांनी त्याचं नाव एकुलता ठेवलं होतं. "एकुलता आता माझ्याएवढा कमी झाला," म्हणत प्रत्येक जण गठ्ठ्यांवरून उडी मारायचा.

भिंतीवरच्या पडद्याचं मात्र धाबं दणाणलं होतं. एकाचे दोन झाले की शाळेची सरासरी अर्धी, म्हणून पहिल्या पोराबरोबरच निम्मी हवा गेली आणि जिल्हा पाचवा झाला. चौथ्या पोराला अकरावा. साहेब पोरांची नाकं पुसत होते आणि नंबर बघायचा नाही म्हणून भिंतीकडे पाठ करून उभे होते, पण शिपाई प्रामाणिकपणे मोठ्यानं वाचून दाखवत होता. दहाव्या पोराला तो "तेरावे" म्हणाला, आणि त्यानंतर बोलेचना.

"चौदावे झालो का?" साहेबांनी शेवटी विचारलं.

"नाही साहेब. तेरावरच थांबलंय."

आकडेताईंनी टंकलेखन न थांबवता उत्तर दिलं. "बाकीच्या एकशे बाहत्तर नोंदी खरंच खोट्या होत्या, साहेब. त्या निघाल्या म्हणून एक पायरी चढलो. तेरावा नंबर आपला खरा आहे."

साहेबांनी हा शब्द दोनदा पुटपुटून बघितला. तेरावा. तोंडात बरा लागत होता.

तीन वाजता संचालक मॅडम पडद्यावर आल्या. त्यांच्यामागे झेंडा, पुढ्यात हार घातलेलं प्रमाणपत्र. त्यांना समोर दिसले ते शर्टाच्या बाह्या वर केलेले, खांद्यावर एक झोपलेलं पोर टाकलेले साहेब.

"सर्वाधिक हजेरीचा विद्यार्थी कुठं आहे?" मॅडमनी विचारलं.

बाईंच्या शाळेत प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं, अशी शिस्त. "हजर," चाळीस पोरं ओरडली. झोपलेलं पोर जागं झालं आणि मागाहून एकटंच म्हणालं, "हजर."

मागे कॅमेरा लुकलुकतच होता. साहेबांनी सांगितलं. ततपप झालं, पण सगळं सांगितलं, आणि आकडेताईंचं नाव न घेता "आमच्या कार्यालयाची चूक" म्हणाले. त्या तीन शब्दांसाठी आकडेताईंनी त्यांना मागची सात वर्षं माफ करून टाकली.

मॅडमनी प्रमाणपत्रावरचा हार नीट केला. "मी सकाळी वर कळवून बसलेय," त्या म्हणाल्या. "पहिला म्हणून."

"तेरावा कळवा मॅडम," साहेब म्हणाले. "तो टिकेल."

"आणि त्या विद्यार्थ्याची उंची किती होती म्हणालात?"

"एक्कावन्न मीटर. आता अठरा राहिलीय."

मॅडमनी प्रमाणपत्र तोंडासमोर धरलं. प्रमाणपत्र हलायला लागलं. मग झेंडाही हलायला लागला, कारण त्या त्याला धरून हसत होत्या. हसू आवरल्यावर त्यांनी विचारलं की अजून किती मुलं राहिलीत, आणि पंधरा म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग माझ्याशी बोलत काय बसलाय?" आणि पडद्यावरून गेल्या.

शेवटची मुलगी गठ्ठ्यांवरून उतरली तेव्हा चारला एक मिनिट कमी होतं. आकडेताईंनी कळ दाबली. टेकडीवरची शाळा, विद्यार्थी एकेचाळीस. एकुलत्याच्या नोंदीत उंची शून्य, वजन शून्य उरलं होतं. ती नोंद पुसायला प्रणालीनं शाळा सोडण्याचं कारण विचारलं. स्थलांतर, आजार, इतर. आकडेताईंनी 'इतर' निवडलं आणि पुढे लिहिलं, 'सर्वांत वाटला गेला'. प्रणालीनं कारण मान्य केलं. पोरांनी पडद्याकडे बघून हात हलवले, आणि साहेबांनी कुणाचं लक्ष नाही असं बघून आपलाही हलवला.

निघायच्या गडबडीत बाईंनी आकडेताईंना बाजूला घेतलं.

"एवढ्या तारखा तुमच्याकडे होत्या, तर आधी का नाही दिल्यात?" आकडेताईंनी विचारलं.

"मागितल्या कुणी? कचेरीला शिक्का हवा होता, तो नव्हता. म्हणून सगळ्यांचा शाळेचा पहिला दिवस. एकदाच वाढदिवस, कुणी वगळलं जात नाही. पण मूल कधी जन्मलं हे कुठंतरी लिहिलेलं असावं, असं मला वाटायचं. म्हणून दर वर्षी पहिल्या आठवड्यात घरोघरी जाऊन आयांना विचारायचे." बाईंनी वहीचं अगदी पहिलं, पिवळं पडलेलं पान उघडलं. "माझा पहिला वर्ग. तुझं तिसरं नाव."

आकडेताईंनी वाचलं. शाळेच्या पहिल्या दिवसानंतर पाच महिन्यांची तारीख. पुढे बाईंच्या तरुणपणीच्या अक्षरात, 'पहाटे. आई म्हणते, रडली नाही, टकमक बघत होती.' आई जाऊन वीस वर्षं झाली होती. ही गोष्ट तिनं कधी सांगितली नव्हती, किंवा सांगितली असेल तर आकडेताईंनी ऐकली नव्हती. आपण जन्मलो तेव्हा कुणीतरी आपल्याकडे बघत होतं आणि कुणीतरी ते लिहून ठेवलं होतं, याचा त्यांना इतका आनंद झाला की हसावं की रडावं ते कळेना. त्यांनी दोन्ही केलं.

आणि मग, आकडेताईच त्या, डोक्यात वजाबाकी झाली. पाच महिन्यांनी लहान. नवरा तीन महिन्यांनी लहान. म्हणजे नवरा दोन महिन्यांनी मोठा. त्यांनी वही फाडकन मिटली. मागे वळून बघितलं तर नवरा एका पोराच्या बुटाची नाडी बांधत वाकलेला होता.

"काय लिहिलंय?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"काही नाही. शाळेचं."

"तुझीही दुरुस्त करायची का?" बाईंनी हळूच विचारलं. "पुरावा माझ्याकडे आहे."

"नको बाई," आकडेताई म्हणाल्या. "माझा शाळेचा पहिला दिवसच राहू दे."

बस टेकडीकडे निघाली. पोरं सोडून तशीच घरी जायचं म्हणून आकडेताई पुढच्या सीटवर बसल्या होत्या. मागे पोरं आपापली नवी तारीख एकमेकांना ओरडून सांगत होती आणि शाळेचा पहिला दिवसही सोडायचा नाही, वर्षाला दोन वाढदिवस घ्यायचे, असा ठराव चालला होता. पहिल्या वळणाशी नवरा म्हणाला की खालच्या रस्त्यानं जाऊ, आकडेताई म्हणाल्या वरच्या. तो म्हणाला वर खड्डे आहेत. त्या म्हणाल्या खाली धूळ आहे. मग त्यांनी नेहमीचं वाक्य टाकलं, जरा सांभाळून, पायरी तपासत उतरावं तसं.

"मी मोठी आहे."

त्यावर तो "बघू" म्हणेल म्हणून त्या थांबल्या.

"हो," नवरा म्हणाला. "तूच मोठी."

सोळा वर्षांत हे त्यानं पहिल्यांदा म्हटलं होतं. आकडेताईंनी चमकून समोरच्या आरशात बघितलं. तो रस्त्याकडे बघत होता आणि ओठ घट्ट मिटून हसू दाबत होता. त्यानं वाचलं होतं. वाकण्याआधीच, त्यांच्या खांद्यावरून, तारखेपासून टकमक बघण्यापर्यंत सगळं वाचलं होतं. त्यानं बस वरच्या रस्त्याला घातली, आणि खड्ड्याखड्ड्याला एकेचाळीस पोरं हसत उडत राहिली.